कोपर्निकस मार्गावरचा तीन पायांचा ‘हवालदार’

दिल्लीच्या पोस्टिंगमध्ये मी काही काळ प्रिन्सेस पार्कला राहिलो. इंडिया गेटला लागून, कोपर्निकस मार्गाच्या कडेला असलेल्या जुन्या बराकी. तिथे एक तीन पायांचा कुत्रा होता. मागचा उजवा पाय गाडीखाली सापडून गेलेला. पण सकाळी पीटीला सगळ्यांच्या आधी हजर, म्हणून जवान त्याला ‘हवालदार’ म्हणत.

त्याचा सांभाळ लंगरमधला एक नाईक करायचा. आमच्या साताऱ्याकडचा. कोणी त्याला उरलेली पोळी टाकली की हा ओरडायचा. एकदा मी म्हणालो, “खाऊ दे की रे.” तर म्हणाला, “साहेब, मागचा एक पाय दोन पायांचं काम करतोय. हा जाड झाला की तोही जाईल.” गुळगुळीत फरशीवर तो घसरू नये म्हणून त्याने गोणपाट अंथरलं होतं. नखं वेळेवर कापायचा आणि रोज संध्याकाळी पंजा उलटा करून जखम आहे का, ते बघायचा.

ते बघताना मला एक खेचर आठवायचं. मी नवीन असताना डोंगरातल्या एका पोस्टवर ते आमचं रेशन वाहायचं. गुडघा निकामी झाला, ‘अनफिट’चा कागद आला. मी स्वतः दोर धरून त्याला खाली गाडीपर्यंत नेलं आणि दोर दुसऱ्याच्या हातात दिला. पुढे काय होणार ते विचारलं नाही. विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, मंडी हाउसच्या चौकात, रवींद्र भवन आहे. तिथल्या संगीत नाटक अकादमीने 1967 मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना फेलोशिप दिली. भरतनाट्यमसाठी त्या सर्वांना ठाऊक आहेत. पण 1952 मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाल्यावर त्यांनी प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक आणलं होतं. पंडित नेहरूंनी सरकारी कायद्याचं आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतलं, आणि 1960 मध्ये कायदा झाला. त्याचं 11 वं कलम सवडीने वाचा. म्हाताऱ्या, आजारी किंवा जखमी जनावराला कामाला जुंपणं हा गुन्हा. आपलं आजारी किंवा अपंग जनावर रस्त्यावर मरायला सोडणं हाही गुन्हा.

आपल्या मुंबईने हे त्याआधी सव्वाशे वर्षं ओळखलं होतं. 1832 च्या जूनमध्ये, इंग्रज सरकारच्या हुकमाने भटकी कुत्री मारली जाऊ लागली तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, इतर समाजही त्यांना मिळाले आणि फोर्टात दंगल झाली. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आदींच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभा राहिला. लंगडं, आंधळं, थकलेलं, कोणाच्याच उपयोगाचं नसलेलं जनावर तिथे ठेवून घेतलं जाई. याच रस्त्यावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात जेवताना ही गोष्ट मी बरोबरच्यांना सांगितली, तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. सगळ्यांच्याच मनात एखादं खेचर असावं.

कारण आपल्या फौजेत वेगळी रीत होती. निकामी झालेल्या श्वानांना इंजेक्शन देऊन मारलं जातं, हे 2015 मध्ये माहितीच्या अधिकारातून बाहेर आलं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ते इंडिया गेटच्याच चक्रावरून फुटणाऱ्या शेरशाह रोडवर आहे. सरकारने धोरण बदलत असल्याचं सांगितलं. आज निवृत्त श्वान मीरतच्या आरव्हीसी सेंटरमध्ये सांभाळले जातात, लोकांना दत्तकही दिले जातात. 26/11 ला मुंबईत काम केलेले पोलीस दलातले मॅक्स, टायगर, सुलतान आणि सीझर निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्मवर राहिले आणि 2016 मध्ये एकामागून एक गेले.

वेदना असह्य झाल्या, उपाय संपले, तर सुईने सुटका करणं ही दयाच आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये अनंतनागला दोन गोळ्या लागलेल्या झूमसाठी मात्र डॉक्टर शेवटपर्यंत झटले. तो वाचला नाही. पण तो पुन्हा कामाला येईल का, हे कोणी विचारलं नसेल. त्याला किती दुखतंय, एवढंच विचारलं असेल. कुठल्याही अपंग जनावराबाबत हाच पहिला प्रश्न असायला हवा. आम्ही वर्षानुवर्षं दुसराच विचारत आलो.

नाइकाची बदली झाली तेव्हा तो माझ्याकडे आला. नव्या ठिकाणी ‘हवालदार’ला नेता येत नव्हतं आणि मागे ठेवायला मन होत नव्हतं. मी रजेचा अर्ज पुढे सरकवला आणि कुत्र्याच्या भाड्याचे पैसे दिले. निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेस, गार्डच्या डब्यातली पेटी. भोपाळहून त्याचा फोन आला, “पाणी प्यायला, साहेब.” दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून आला, “आईने ओटीवर गोणपाट टाकलंय.”

खेचराचं देणं यातून फिटलं, असं मी म्हणणार नाही. पण या वेळी मी पुढे काय झालं, ते विचारलं.

जय हिंद.