मुंबईची डी.सी. लोकल : एका निवृत्त गाडीचा इतिहास

वाफेच्या एंजिनाला आपल्याकडे जेवढे कौतुक लाभले, तेवढे मुंबईच्या विजेच्या लोकलगाडीला कधीच लाभले नाही. आगगाडीवर बालगीते झाली, घाटातल्या बोगद्यांवर ललितलेख झाले. परंतु जिच्या दाराशी लटकून तीन-चार पिढ्यांनी संसार केले, त्या गाडीकडे कोणी कौतुकाने पाहिले नाही. रोजच्या भाकरीचे कोण कौतुक करतो? मंडळाच्या सभासदांपैकी अनेकांचे आईवडील गिरगाव, दादर, डोंबिवली, पार्ले येथून नोकरीनिमित्त इकडे आले. त्यांच्या आठवणींत जी पिवळ्या-तपकिरी रंगाची लोकल आहे, ती आता धावत नाही. दिनांक ९ एप्रिल २०१६ च्या रात्री तिची अखेरची फेरी झाली. लोकल अर्थातच आजही धावते. निवृत्त झाली ती डी.सी. लोकल.

हा भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे. डी.सी. म्हणजे एकाच दिशेने वाहणारा वीजप्रवाह, आणि ए.सी. म्हणजे क्षणोक्षणी दिशा बदलणारा प्रवाह. हल्ली मुंबईत ‘ए.सी. लोकल’ म्हटले की डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेली वातानुकूलित गाडी डोळ्यांपुढे येते. तिचा या कथेशी संबंध नाही. आपली गाडी डोक्यावरच्या तारेतून दीड हजार व्होल्ट दाबाची डी.सी. वीज घेत असे. हा दीड हजाराचा आकडा तिच्या वैभवाचेही कारण ठरला आणि निवृत्तीचेही.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते बोरीबंदर, म्हणजे तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी सुटली. डबे चार, मार्ग हार्बरचा, कुर्ल्यापर्यंत. मुख्य मार्ग सोडून पहिला मान या आडवळणाच्या मार्गाला का मिळाला, असा प्रश्न पडेल. बंदराच्या बाजूने जाणारा हा मार्ग दाट वस्तीतून, सँडहर्स्ट रोडपाशी उंच बांधकामावरून नेलेला होता. त्यावरचा चढ वाफेच्या एंजिनाला जड जाणारा, आणि शेजारच्या घरांच्या खिडक्यांत धूर सोडणेही बरे नव्हे. विजेची गाडी चढाला डरत नाही व धूर सोडत नाही. त्यातच सह्याद्रीच्या पावसाचे पाणी अडवून टाटांनी खोपोली आणि भिवपुरी येथे वीज निर्माण करावयास सुरुवात केलेली होती. मुंबईला विजेची गाडी लाभली यामागे आपल्या घाटाचा व पावसाचाही वाटा आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

त्यानंतर विस्तार झपाट्याने झाला. जी.आय.पी. रेल्वेने पुढच्याच वर्षी मुख्य मार्गावर वीज आणली. बी.बी. अँड सी.आय. रेल्वेची कुलाबा-बोरिवली गाडी जानेवारी १९२८ मध्ये विजेवर धावू लागली आणि १९३६ साली तारा विरारला पोहोचल्या. १९३० पर्यंत घाट ओलांडून वीज इगतपुरी आणि पुणे येथपर्यंत गेली. त्याच वर्षी १ जूनला सुरू झालेली दख्खनची राणी याच विजेवर घाट चढे. ठाकुर्लीला खाडीकाठी रेल्वेने स्वतःचे वीजघर उभारले, ते जुन्या लोकांना ‘चोळ्याचे पॉवर हाऊस’ म्हणून ठाऊक असेल.

आता गाडीची रचना. हिला वेगळे एंजिन नसते. काही डब्यांच्या खालीच मोटारी बसविलेल्या असतात. त्यांना मोटर कोच म्हणतात. उत्तरकाळात प्रत्येक तीन डब्यांमागे एक मोटर कोच आणि त्याखाली चार मोटारी, अशी मांडणी असे. दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असल्याने शेवटच्या स्टेशनात एंजिन फिरविण्याची यातायात नाही. मोटरमनने या टोकाकडून त्या टोकाला चालत जावे आणि गाडी परत सोडावी. स्टेशने जवळजवळ असलेल्या शहरात याचे मोल फार. मोटरमनच्या हातातला दांडाही चतुराईने केलेला होता. तो दाबून धरावा लागे. मूर्च्छा येऊन हात सुटला तर गाडीला आपोआप ब्रेक लागत.

गाडी सुटताना मोटारींवर एकदम सगळी वीज सोडली तर त्या जळून जातील. म्हणून आधी मोटारी एकामागून एक जोडलेल्या असत आणि वाटेत रोधक घातलेले असत. वेग येईल तसतसे हे रोधक टप्प्याटप्प्याने काढले जात व मोटारींची जोडणी बदले. त्या टप्प्यांचे खटके आणि पाठोपाठ चढत जाणारा मोटारींचा घुमारा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना डी.सी. लोकल म्हणजे काय हे वर्णन करून सांगावे लागत नाही. पद्धत साधी, दणकट. बिघडली तर कारशेडमधल्या कारागिरांच्या हाताने दुरुस्त होणारी. दोष एवढाच, की रोधकांतून गेलेली वीज उष्णता होऊन वाया जाई, आणि दर दोन-तीन मिनिटांनी थांबणारी गाडी हा अपव्यय दिवसभर करीत असे.

प्रारंभीचे डबे परदेशातून आले. स्वातंत्र्यानंतर कलकत्त्याच्या जेसप कंपनीत लोकलचे डबे तयार होऊ लागले. ज्या गाडीला आपण अस्सल मुंबईकर मानतो, तिचे कित्येक डबे हुगळीकाठी घडलेले होते, हे कलकत्त्याच्या वाचकांस वाचून गंमत वाटेल. त्या डब्यांनी जे जे वाहिले त्याची यादी करू गेल्यास स्मरणिका पुरणार नाही. डबेवाल्यांच्या जेवणाच्या हातपाट्या, कोळणींच्या टोपल्या, सकाळच्या गाडीतली टाळांसह रंगणारी भजने, भाजी निवडीत घरी जाणाऱ्या नोकरदार स्त्रिया. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर केवळ महिलांसाठी गाडी सुरू झाली, तीही डी.सी.च. बारा फूट रुंदीच्या त्या डब्यात चौथ्या माणसाला बाकाच्या कडेवर जागा करून देण्याचा जो अलिखित कायदा होता, तसा कायदा मी अन्य कोणत्याही शहरात पाहिला नाही.

मग ही गाडी गेली का? १९५७ साली भारतीय रेल्वेने पुढील विद्युतीकरणासाठी पंचवीस हजार व्होल्टची ए.सी. पद्धत स्वीकारली. फ्रेंच रेल्वेने हा प्रयोग यशस्वी करून दाखविला होता. तेवढ्याच शक्तीसाठी दीड हजार व्होल्टवर सुमारे सतरा पट अधिक प्रवाह तारेतून वाहावा लागतो. त्यासाठी तांब्याच्या जाड तारा हव्यात आणि दर काही किलोमीटरवर उपकेंद्र हवे. नव्या पद्धतीत चाळीस-पन्नास किलोमीटरला एक उपकेंद्र भागते. मद्रासचा मीटरगेज उपनगरी मार्गही १९३१ पासून दीड हजार व्होल्टवर चाले. तो लहान होता, म्हणून साठीच्या दशकातच बदलता आला. मुंबईचा पसारा मात्र इतका वाढला होता की त्याला हात लावण्याचे धाडस कोणी करीना. चालत्या माणसाचे हृदय बदलण्यासारखे ते काम होते.

परिणामी भारतभर ए.सी. पसरत गेली आणि मुंबई डी.सी.चे बेट होऊन राहिली. कलकत्ता, नागपूर, अलाहाबादकडून सुट्टीत मुंबईला जाताना इगतपुरीला गाडी बराच वेळ का थांबे, हे आता ध्यानात येईल. तेथे एंजिन बदलावे लागे. पश्चिमेकडे विरारला तोच प्रकार. मुलांना त्या थांब्याचा अर्थ वडापाव आणि थंड हवा एवढाच होता.

गर्दी मात्र वाढतच होती. चार डब्यांची गाडी १९२७ मध्ये आठांची, १९६१ मध्ये नवांची आणि १९८६ मध्ये बारांची झाली. सुमारे सतराशे माणसांसाठी बांधलेली नऊ डब्यांची गाडी गर्दीच्या वेळी साडेचार हजारांहून अधिक माणसे वाहू लागली. डबे वाढवावेत, फेऱ्या वाढवाव्यात, तर जुन्या तारांतून तेवढी वीज येणे कठीण. या गर्दीत रोज माणसे पडत व मरत होती. डी.सी. गाडीवर माझे कितीही प्रेम असले, तरी ती आणखी काही वर्षे टिकावी असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. उलट हे काम वीस वर्षे आधी व्हावयास हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते झाले ते रात्रीच्या थोड्या थोड्या तासांत, तुकड्यातुकड्याने. उपकेंद्रे बदलली, सिग्नलयंत्रणा बदलली. जास्त दाबाच्या तारेला अंतर सोडावे लागते म्हणून बुटक्या पुलांचाही विचार करावा लागला. मधल्या काळासाठी दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज तारेला परत देणाऱ्या नव्या गाड्या २००७ मध्ये पश्चिम रेल्वेवर धावू लागल्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये पश्चिम रेल्वे, २०१५ मध्ये मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग, आणि सर्वांत शेवटी हार्बर असा क्रम लागला.

९ एप्रिल २०१६ रोजी रात्री साडेअकराच्या सुमारास कुर्ल्याहून छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे फुलांनी सजविलेली शेवटची डी.सी. गाडी निघाली. १९२५ ची पहिली गाडी याच दोन स्थानकांच्या दरम्यान, याच मार्गाने, उलट दिशेला गेली होती. दीड हजार व्होल्टच्या काळातील घाटावरची थोर एंजिने दिल्लीस चाणक्यपुरीच्या रेल्वे संग्रहालयात पाहावयास मिळतात. दिल्लीकर सभासदांनी मुलांना अवश्य दाखवावीत. लोकलचे बहुतेक डबे मात्र भंगारात गेले. अखेरची गाडी बोरीबंदरास पोहोचल्यावर हार्बरच्या तारांतील डी.सी. प्रवाह कायमचा बंद करण्यात आला, आणि दुसऱ्या दिवशीपासून त्याच तारांखालून नव्या विजेवर हार्बरच्या गाड्या धावू लागल्या.