ओळखणारा आणि उचलणारा

वयाने अतिप्राचीन, आपल्या लोकांचा नायक आणि शिवाय वैद्य, असा पुरुष अनेक कथाविश्वांत भेटतो. आधुनिक वाचकाच्या डोळ्यांसमोर असे म्हटल्यावर चटकन येतो तो टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला (१९५४-५५) एलरॉन्ड. एल्फ आणि मानव अशा दोन्ही वंशांचे रक्त त्याच्यात आहे, त्याचे वय सहा हजार वर्षांहून अधिक आहे आणि रिव्हेंडेल या खोऱ्याचा तो स्वामी आहे. मागच्या युगातले महायुद्ध इतरांनी ग्रंथांत वाचलेले असते. याने ते पाहिलेले असते. फ्रोडोच्या खांद्यात रुतलेला शापित पात्याचा तुकडा शोधून काढतो तोही हाच. स्मृती, सत्ता आणि चिकित्सा या तीन गोष्टी इथे एकाच देहात एकवटल्या आहेत.

ही एकवट टॉल्किनच्या कल्पनेतून आयती उगवलेली नाही. गंडमाळ झालेल्या प्रजेला स्पर्शाने बरे करण्याचा विधी इंग्लंड-फ्रान्सचे राजे कित्येक शतके करत होते. मार्क ब्लॉक या फ्रेंच इतिहासकाराने १९२४ मध्ये त्यावर ग्रंथच लिहिला. फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सने हा विधी १८२५ मध्येही केला होता. हात राजाचा, म्हणून तो बरे करणारा, असे त्यामागचे गृहीत. ज्ञानाचा प्रश्नच तिथे येत नाही. मराठी इतिहासात या गृहीताचे नेमके उलटे उदाहरण आहे. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महाल उभारला, नेत्ररुग्णांच्या उपचारांत स्वतः लक्ष घातले आणि डोळ्यांच्या चित्रांसह रुग्णांच्या नोंदी करून घेतल्या. हा राजा हातापेक्षा कागदावर विसंबणारा होता. पण तो इतिहासातला माणूस. आपल्या कथेत, म्हणजे गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते त्या कथेत, प्राचीन नायक-वैद्य कोण, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वाल्मीकींच्या युद्धकांडात मिळते.

युद्धकांडाच्या प्रचलित पाठात उपचाराचे प्रसंग तीन आहेत. आपल्या सांगण्यात त्यांचा एकच प्रसंग होऊन बसला आहे, म्हणून ते सुटे करून पाहावे लागतात.

पहिला प्रसंग पन्नासाव्या सर्गातला. नागपाशाने राम-लक्ष्मण निश्चेष्ट पडले आहेत. या दोघांना घेऊन किष्किंधेला जा, असे सुग्रीव आपल्या सासऱ्याला सांगतो. हा सासरा म्हणजे सुषेण, तारेचा बाप. साधा वैद्य समजून त्याच्याकडे पाहिले तर चूक होईल. सीतेच्या शोधासाठी पश्चिमेला गेलेल्या वानरांचा तो प्रमुख होता. उत्तर देताना तो देवासुरांच्या युद्धाची आठवण काढतो. त्या युद्धात देव मूर्च्छित होत, मरत आणि बृहस्पती मंत्र व औषधी यांच्या आधारे त्यांना उठवी. त्या औषधी क्षीरसागरात चंद्र आणि द्रोण या दोन पर्वतांवर आहेत, त्यांतल्या संजीवकरणी आणि विशल्या आणायला मारुतीला पाठवा, असे तो सुचवतो. पुढे लोककथेत घट्ट बसलेले ‘द्रोण’ हे नाव इथे येते, तेही सुषेणाच्या तोंडून. मात्र कोणी निघण्याआधीच गरुड येतो आणि औषधाचे काम राहून जाते.

दुसरा प्रसंग चौऱ्याहत्तराव्या सर्गातला. माझ्या मते संपूर्ण रामायणातले वैद्यकदृष्ट्या सर्वांत विचार करण्यासारखे पान हेच. इंद्रजिताच्या अस्त्राने सारी सेना कोसळली आहे. विभीषण आणि मारुती रात्री चुडी घेऊन रणांगणात कोण जिवंत आहे ते शोधत फिरतात. त्यांना म्हातारा जांबवान सापडतो. अंगभर बाण, डोळ्यांनी दिसत नाही. विभीषणाला तो आवाजावरून ओळखतो. आणि पहिला प्रश्न विचारतो: मारुती जिवंत आहे का? राम-लक्ष्मणांना सोडून याची चौकशी का, म्हणून विभीषणाला नवल वाटते. जांबवानाचे म्हणणे असे की तो जिवंत असेल तर मेलेली सेनाही जिवंत आहे. तो गेला असेल तर जिवंत उरलेले आम्हीही मेल्यासारखेच. मग तो पत्ता सांगतो. हिमालयात ऋषभ आणि कैलास या दोन शिखरांच्या मध्ये औषधींचा पर्वत आहे, त्यावर चार वनस्पती आहेत: मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सावर्ण्यकरणी आणि संधानकरणी. जीव परत आणणारी, शल्य काढणारी, त्वचेचा वर्ण पूर्ववत करणारी आणि तुटलेले सांधणारी. युद्धात जखमी झालेल्या माणसाला काय काय लागते, याची ही जवळजवळ संपूर्ण यादी आहे.

जांबवानाला हे ठाऊक का, याचा दुवा वाल्मीकींनी आधीच, किष्किंधाकांडात ठेवला आहे. समुद्रकिनारी तो आपल्या तारुण्याविषयी बोलतो: बळीच्या यज्ञात वामनाने पावले टाकली तेव्हा आपण पृथ्वीला एकवीस प्रदक्षिणा घातल्या होत्या, आणि अमृतमंथनासाठी लागणाऱ्या औषधी देवांच्या सांगण्यावरून आपणच गोळा केल्या होत्या. म्हणजे वनस्पती त्याने हाताने खुडलेल्या आहेत. त्याचे वैद्यक त्याच्या वयातून आले आहे. एलरॉन्डला सर्वांत जवळचा आपला पुरुष कोण, असे कोणी विचारले तर मी धन्वंतरीचे नाव घेणार नाही, जांबवानाचे घेईन.

तिसऱ्या प्रसंगी, शंभराव्या सर्गाच्या आसपास, रावणाच्या शक्तीने लक्ष्मण पडतो. सुषेण त्याच्या चेहऱ्याचा रंग, त्वचा, श्वास पाहून तो मेलेला नाही असे सांगतो, म्हणजे आधी निदान करतो. मग जांबवानाने पूर्वी सांगितलेल्या त्याच पर्वताकडे मारुतीला पाठवतो. मारुतीला वनस्पती ओळखता येत नाही, म्हणून तो शिखरच घेऊन येतो. सुषेण त्यातली औषधी निवडतो, कुटतो आणि लक्ष्मणाला नाकावाटे देतो. आयुर्वेदात पंचकर्मांपैकी एक असलेले नस्य ते हेच.

टॉल्किनने जे एकाला दिले, ते वाल्मीकींनी तिघांत वाटले. जांबवानाकडे स्मृती, सुषेणाकडे निदान आणि मात्रा, मारुतीकडे वहन. शिवाय पहिले दोघे सैन्याचे नायकही आहेत, म्हणून त्यांच्या शब्दावर मारुती झेप घेतो. या वाटणीत कोणी एकटा पुरा पडत नाही आणि हे सर्वांत स्पष्टपणे कळलेला माणूस म्हणजे जखमी जांबवान. आपले ज्ञान पायांवाचून निरुपयोगी आहे हे ओळखून तो आधी पायांची चौकशी करतो. आधुनिक भाषेत औषधपुरवठा म्हणतात तो प्रश्न त्याच्यापुढे उभा होता.

पुढच्या शतकांत ही वाटणी मोडत गेली. तुलसीदासांच्या रामचरितमानसात सुषेण लंकेचा वैद्य होतो आणि मारुती त्याला घरासकट उचलून आणतो. किष्किंधेचा सेनानी, राजाचा सासरा इथे शत्रूच्या गावचा एक धंदेवाईक वैद्य होऊन राहिला. १९८७-८८ च्या दूरदर्शन मालिकेनंतर तर महाराष्ट्रातही बहुतेकांना हाच सुषेण माहीत आहे. वैद्याकडून नायकपण काढून घेतले गेले, आणि ते गेले कुठे हे पाहायला सातारा-सांगलीसारखा प्रदेश नाही.

समर्थ रामदासांनी स्थापलेले अकरा मारुती याच पट्ट्यात आहेत. शहापूर, मसूर, चाफळचे दोन, शिंगणवाडी, उंब्रज आणि माजगाव हे सात सातारा जिल्ह्यात. बहे आणि शिराळा हे दोन सांगलीत. मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरात. परंपरेने त्यांचा काळ १६४४ ते १६५४ असा सांगितला जातो. बह्याच्या मारुतीची कथा अशी की कृष्णेला पूर आला तेव्हा त्याने दोन्ही हात पसरून पाणी अडवले, म्हणून नदी दुभंगली आणि बेट झाले. इथेही तो अडवणारा, पेलणारा. मारुतीचे बाहुबळ हाच या साऱ्या स्थापनांचा आशय आहे आणि त्या काळाला तो हवा होता, याबद्दल वाद नाही. तालमीतल्या पोराला नस्य शिकवून काय होणार होते?

पण याच काळातले भीमरूपी स्तोत्र वैद्यकाच्या नजरेने वाचून पाहावे. उत्तरेकडे घेतलेली झेप त्यात आहे, द्रोणगिरी रागाने उपटणे आहे, तो आणणे आणि परत नेऊन ठेवणेही आहे. डोंगर परत नेल्याचा उल्लेख चौऱ्याहत्तराव्या सर्गाशी जुळतो. मात्र त्या कडव्यांत रुग्ण नाही. जांबवान नाही, सुषेण नाही, औषधीचे नावही नाही. प्राण देणारा आणि सर्वांना उठवणारा म्हणून गौरव होतो तो मारुतीचाच आणि फलश्रुतीत रोगव्याधी नष्ट होतात त्याही स्तोत्राच्या पठणाने. ओळखणे, देणे आणि उचलणे ही तिन्ही कामे उचलणाऱ्याच्या खात्यावर जमा झाली. जांबवान किंवा सुषेण यांचे देऊळ या दोन जिल्ह्यांत माझ्या तरी पाहण्यात नाही. मारुतीवाचून गाव नाही. धन्वंतरीची आठवण धनत्रयोदशीला होते, तीही मुख्यतः वैद्यांच्या घरी.

जरंडेश्वर हे या प्रक्रियेचे भूगोलातले रूप. सातारा आणि कोरेगाव यांच्या दरम्यानच्या या डोंगरावर मारुती आहे, आणि द्रोणगिरी नेताना त्याचा एक तुकडा इथे पडला अशी आख्यायिका आहे. त्यामुळे डोंगरावर औषधी वनस्पती विपुल आहेत, असा विश्वासही. आता नकाशा पाहिला तर कैलास आणि लंका जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, ऐंशी-एक्याऐंशी अंशांच्या आसपास येतात, सातारा चौऱ्याहत्तरावर. मारुतीला सहाशे किलोमीटरहून जास्त पश्चिमेला वळसा पडला असता. पण आख्यायिकेला रेखावृत्त विचारू नये. ओडिशातला गंधमर्दन, कन्याकुमारीजवळचा मरुत्वामलै, श्रीलंकेतला रुमस्सला, असे पडलेले तुकडे पुष्कळ आहेत आणि सर्वांचे सांगणे एकच: आमच्या डोंगरावर औषध आहे. वनस्पतींचे स्थानिक ज्ञान टिकवून ठेवण्याची ही एक पद्धत आहे. तिच्यात उणीव एवढीच, की औषध आहे हे लक्षात राहते, कोणते ते राहत नाही. उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात द्रोणागिरी नावाचे गाव आहे. तिथले लोक मारुतीची पूजा करत नाहीत, कारण त्याने त्यांचा डोंगर नेला. उचलण्याची किंमत कुठेतरी कोणीतरी मोजत असतो, हे लक्षात ठेवणारे माझ्या माहितीतले हे एकच गाव.

‘कोणते’ या प्रश्नाचा नीट पाठपुरावा के. एन. गणेशय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये केला. भारतीय भाषांत संजीवनी किंवा तत्सम नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पती गोळा करून, त्यांचा अधिवास आणि गुण कथेशी ताडून त्यांनी यादी लहान केली. त्यात सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस ही पूर्ण वाळून पुन्हा पाण्याने हिरवी होणारी वनस्पती ठळक ठरली. निर्णय अंतिम नाही, पण पद्धत सुषेणाची आहे: आधी ओळख, मग मुळी.

या पद्धतीवाचून काय होते ते सह्याद्रीत दिसते. महाबळेश्वर-कोयनेच्या जंगलात नरक्या नावाचे दुर्गंधी झाड आहे. त्यात कॅम्प्टोथेसिन असते आणि त्यापासून कर्करोगावरची औषधे बनतात. अमेरिकेत १९६६ मध्ये एका चिनी झाडातून हे द्रव्य वेगळे झाले. १९७२ मध्ये ते आपल्या नरक्यातही सापडले. ओळख प्रयोगशाळेने दिली, तोडीला मात्र ओळखीची गरज उरली नाही. साल, खोड, मूळ सगळेच विकले जाते म्हणून झाडेच्या झाडे चोरून गेली. शिखर उपटून नेण्याचा हा प्रकार, फक्त परत ठेवण्याची बुद्धी इथे कोणाला झाली नाही.

माणसाच्या बाबतीत याहून वाईट घडते. सर्पदंश झालेल्याला आधी मारुतीच्या देवळात नेऊन ठेवण्याची चाल महाराष्ट्राच्या खेड्यांत होती, काही ठिकाणी अजून आहे. त्यात प्रतिविषाची वेळ निघून जाते. कथेतल्या वाहकाला वैद्य मानल्याचा हा थेट परिणाम. कथेतला मारुती मात्र असे कधी करत नाही. तो औषध आणतो आणि वैद्याच्या हाती देतो.

या प्रदेशाने ओळखणारी माणसेही दिली. कॅनडात जन्मलेल्या विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय आणि १८९७ मध्ये वैद्यकशाळा सुरू केली. त्यांनी बरे केलेल्या रुग्णांइतकेच त्यांनी शिकवलेल्या मुलांचे मोल आहे आणि वॉनलेसवाडी हे नाव वैद्याला मिळालेल्या क्वचित स्थळनामांपैकी एक. साताऱ्यात जन्मलेले, मिरजेत वैद्यक शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर काही वर्षे व्यवसाय करून बाहेर पडले आणि १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. देवळात ठेवलेल्या सर्पदंशाच्या रुग्णाला दवाखान्यात न्या, हे सांगणे तिच्या कामाचा भाग होते. नायक आणि वैद्य पुन्हा एकत्र आले होते; २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला.

चैत्री पौर्णिमेला गावोगाव मारुतीच्या जन्माचे कीर्तन होते. त्या कीर्तनकारांना एक विनंती आहे. द्रोणगिरीचे आख्यान लावाल तेव्हा ते झेपेपासून सुरू करू नका. अंधारात चूड घेऊन फिरणाऱ्या दोघांपासून, आवाजावरून माणूस ओळखणाऱ्या त्या म्हाताऱ्यापासून सुरू करा. आणि शेवट डोंगर खाली ठेवल्यावर करू नका. सुषेणाने औषधी निवडून कुटेपर्यंत थांबा.