हरळी उपटण्याचे पैसे

लास वेगास या स्पॅनिश नावाचा अर्थ आहे ‘कुरणं’. जुगार, रोषणाई आणि चोवीस तास उघड्या असलेल्या बारचं हे शहर, आणि नाव गवतावरून. नेवाडाच्या या वाळवंटात वर्षाला जेमतेम चार इंच पाऊस पडतो. पण इथे जमिनीतून जिवंत झरे वर यायचे आणि त्यांच्याभोवती गवत माजायचं. साउदर्न पायूट लोकांना ही जागा फार आधीपासून ठाऊक होती. १८२९ नंतर मेक्सिकन व्यापाऱ्यांचे तांडे इथे थांबायला लागले आणि ते स्पॅनिश नाव नकाशावर चिकटलं. १९०५ साली रेल्वे कंपनीने इथले प्लॉट लिलावात विकले आणि शहर वसलं. मग विहिरी आल्या, उपसा आला. १९६२ साली झऱ्यांचं पाणी जमिनीवर यायचं थांबलं.

गंमत अशी, की खरी कुरणं मरत होती त्याच काळात शहरात गवत वाढत होतं. घरापुढे एक तुकडा, घरामागे एक, बँकेपुढे, हॉटेलपुढे, रस्त्याच्या दुभाजकातसुद्धा. मी शहराला लागून असलेल्या हेंडरसनमध्ये माझ्या मावसबहिणीकडे, म्हणजे ताईकडे राहते आणि स्लॉट मशीनचं सॉफ्टवेअर लिहिते. ताईच्या घरामागेही असा सहाशे चौरस फुटांचा तुकडा होता. २०२४ च्या मार्चमध्ये आम्ही तो काढून टाकला. त्यानिमित्ताने मी वाचायला लागले, की हे गवत मुळात इथे आलं कुठून.

आपल्याकडे ‘लॉन’ म्हटलं की लग्नाचा हॉल आठवतो. ‘अमुक लॉन्स’, पार्किंगची सोय, बुफे. ते अगदीच चुकीचं नाही, कारण लॉन पहिल्यापासून मिरवण्याचीच गोष्ट आहे. इंग्लंडच्या जमीनदारांच्या वाड्यांपुढे हिरवळ असायची. ती कापायला लांब दांड्याचे विळे घेतलेले मजूर लागत, नाहीतर मेंढ्या. त्या जमिनीत गहू पेरता आला असता; आपल्याला पेरायची गरज नाही, हेच तर दाखवायचं होतं. १८३० मध्ये ग्लॉस्टरशरच्या एडविन बडिंगने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकरीच्या कापडावरचे उभे राहिलेले तंतू कातरणारं यंत्र त्याने गिरणीत पाहिलं होतं, ती कल्पना त्याने जमिनीवर आणली. त्यामुळे ज्याच्याकडे मजूर नाहीत, त्यालाही जमीनदारासारखी हिरवळ ठेवता येऊ लागली.

अमेरिकेत १८७० साली फ्रँक स्कॉट नावाच्या माणसाने उपनगरांतल्या घरांच्या अंगणांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. आपली हिरवळ कुंपण घालून शेजाऱ्यांच्या नजरेआड करणं बरं नव्हे, असा त्याचा आग्रह होता. म्हणजे हिरवळ तुमची, पण ती दिसली पाहिजे सगळ्यांना. पुढे न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये या आग्रहाचा करार झाला. १९४७ पासून काही वर्षांत तिथे १७ हजारांहून जास्त घरं उभी राहिली, जवळपास एकाच साच्यातली. कुंपण घालायचं नाही आणि हंगामात दर आठवड्याला गवत कापायचं, ही तिथली अट होती. त्याच वसाहतीच्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्या नसलेल्या माणसांना तिथे राहायला मनाईही होती. अमेरिकन स्वप्नातल्या हिरवळीबद्दल भरभरून लिहिणारे लोक हे दुसरं कलम सहसा गाळतात.

आमच्या धंद्यात याला डिफॉल्ट सेटिंग म्हणतात. बहुतेक लोक सेटिंग बदलत नाहीत, आणि दहा वर्षांनी सर्वेक्षण केलं तर सांगतात की आम्हाला हेच आवडतं. न्यूयॉर्कला निदान पाऊस तरी पडतो. वाळवंटात घरं बांधणाऱ्यांनी तेच डिफॉल्ट जसंच्या तसं उचललं. पाणी कुठून येणार, हा प्रश्न हूवर धरणाने तात्पुरता झाकला होता.

तात्पुरताच. कोलोरॅडो नदीचं वाटप १९२२ च्या करारापासून सुरू होतं आणि त्यात नेवाडाच्या वाट्याला आलं वर्षाला तीन लाख एकर-फूट पाणी. आपल्या मापात साधारण १३ टीएमसी. पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांची क्षमता २९ टीएमसीच्या आसपास आहे, त्याच्या निम्म्याहून कमी. वाटप झालं तेव्हा वेगास म्हणजे रेल्वेचं एक छोटं गाव होतं, म्हणून कुणी फार भांडलं नाही. आता खोऱ्यात वीस लाखांहून जास्त लोक आहेत.

पण त्या वाटपात एक मेख आहे आणि मला सगळ्या गोष्टीत तीच सर्वांत आवडली. वेगासच्या घरांतलं सांडपाणी शुद्ध होऊन एका ओढ्यातून पुन्हा लेक मीडमध्ये, म्हणजे धरणाच्या जलाशयात जातं. जेवढं परत जातं तेवढं पुन्हा उचलायची मुभा मिळते. त्यामुळे नळ, मोरी, संडास, कपड्यांचं मशीन यांतलं जवळपास सगळं पाणी फिरत राहतं. (शुद्ध करायला आणि वर चढवायला वीज लागते, ते वेगळं.) गवताला घातलेलं पाणी मात्र हवेत जातं आणि हिशेबातून कायमचं वजा होतं. प्रोग्रॅमने मेमरी घ्यावी आणि काम झालं की परत करावी, हे ठीक. लॉन म्हणजे सरळसरळ मेमरी लीक.

तो लीक बंद करायला इथल्या जल प्राधिकरणाने १९९९ पासून पैसे द्यायला सुरुवात केली. गवत काढा, कमी पाण्याची झाडं लावा, चौरस फुटामागे इतके डॉलर घ्या. त्यांच्या हिशेबाने एका चौरस फुटामागे वर्षाला ५५ गॅलन पाणी वाचतं, म्हणजे २०० लिटरचं एक पिंप. ताईच्या अंगणात अशी सहाशे पिंपं दर वर्षी रिकामी होत होती. दहा हजार लिटरचे बारा टँकर म्हणा. २००३ मध्ये नव्या घरांपुढे गवत लावायला बंदी आली. २०२१ मध्ये राज्याने कायदाच केला: ज्या गवतावर कुणी बसत नाही, खेळत नाही, त्याला २०२६ संपल्यावर नदीचं पाणी मिळणार नाही. स्वतंत्र घरं यातून वगळली आहेत. २००२ नंतर इथे सात लाखांहून जास्त माणसं वाढली, तरी नदीतून घेतलेलं पाणी कमी झालं.

आणि अनुदान घेतलं की घरावर कायमचं बंधन येतं: या जागेत पुन्हा हिरवळ नाही. घर विकलं तरी नाही. लेव्हिटटाउनने गवत राखायची अट घातली, इथे न राखायची. मला यात उपरोधापेक्षा प्रामाणिकपणा जास्त दिसतो. लोकांची आवड बदलण्याची वाट बघत बसले असते तर लेक मीडच्या कडेचा पांढरा पट्टा अजून उंच झाला असता. आता आमच्या गल्लीत जुनं लॉन दिसलं की लोकच म्हणतात, काय हे, कालबाह्य.

ताईच्या अंगणात फेस्क्यू गवत होतं आणि त्यात घुसलेलं बर्म्युडा. हे बर्म्युडा बर्म्युडाचं नाही. ती आपली हरळी. म्हणजेच दूर्वा. ताई गणपतीला एकवीस दूर्वांच्या जुड्या मागच्या दारातूनच खुडायची. बार्शीकडे आमचं रान आहे, तिथे हरळी म्हणजे शत्रू. नांगरून, मुळ्या वेचून, उन्हाळाभर रान तापू द्यायचं, तेव्हा कुठे ती हटते. व्हिडिओ कॉलवर आजीला सांगितलं तर ती बघतच राहिली. “अगं, हरळी काढायची मजुरी आम्ही द्यायचो. तुम्हाला उलटे पैसे?” आम्ही तिच्याच पद्धतीने गेलो, फक्त वरून प्लॅस्टिक अंथरलं. अनुदानासाठी आधी माणूस येऊन गवत जिवंत आहे ना, हे बघून गेला. मेलेल्या गवताचे पैसे मिळत नाहीत.

डेन्व्हरच्या पाणीखात्याने १९८१ मध्ये अशा बागेसाठी ‘झेरिस्केप’ शब्द तयार केला, ‘कोरडा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. लोकांनी तो ‘झीरो’ ऐकला आणि नुसती खडी पसरली. इथे तसं चालत नाही. झाडं पूर्ण वाढल्यावर निम्मी जागा त्यांनी झाकली पाहिजे. आम्ही डेझर्ट विलो, लाल युक्का, टेक्सास सेज लावलं. आणि नर्सरीतून पैसे देऊन घाणेरी आणली! सह्याद्रीत जंगलखातं जी उपटत फिरतं, ती घाणेरी मूळची अमेरिकेकडचीच.

अशी बाग लावून विसरता येते, असं विकणारे सांगतात. ते खोटं आहे. पाणी इतकं जड आहे की ठिबकची तोंडं क्षाराने बुजतात. रविवारी सकाळी मी पिन घेऊन एकेक तोंड तपासते. टायमर ऋतूप्रमाणे बदलावा लागतो. हिवाळ्यात आठवड्यातून एकच दिवस पाणी द्यायची परवानगी. आणि हरळी दर महिन्याला खडीतून एखादं बोट वर काढते, नेमकी ठिबकच्या तोंडाशी.

खरी चिंता गवताची नव्हतीच, सावलीची आहे. अंगणात एक ॲशचं झाड होतं, वीस वर्षं लॉनच्या फवाऱ्यावर जगलेलं. त्याला पाणी मिळतंय हे कुणी मोजलंच नव्हतं. काम करणाऱ्या कंत्राटदाराने खोडाशी दोन ठिबकं दिली आणि निघून गेला. ७ जुलै २०२४ ला वेगासमध्ये ४८.९ अंश तापमान झालं, आजवरचं सर्वांत जास्त. खडीवर अनवाणी पाय ठेवणं अशक्य होतं. त्या आठवड्यात झाडाची दक्षिणेकडची पानं कागदासारखी वाळली. शहरभर अशी झाडं आहेत, आणि गवत काढायच्या घाईत ती मरताहेत, अशी तक्रार इथे बरेच जण करतात. ती खरी आहे. पिंपांच्या हिशेबात सावलीचा रकाना नाही.

भावोजींनी आणि मी ठिबकची नळी फांद्यांच्या घेराखाली गोल फिरवली, कारण पाणी पिणारी मुळं तिकडे असतात. ॲशची एक मोठी फांदी कापावी लागली. उरलेल्या भागाला यंदा पालवी आली आहे, थोडी विरळ. शेजारचा डेझर्ट विलो माझ्या खांद्याएवढा झालाय. दूर्वांसाठी ताईने एक कुंडी ठेवली आहे. कुंडी म्हणजे हिरवळ नव्हे, हे तिने प्राधिकरणाला फोन करून विचारून घेतलं.