दात किती दिसावेत?

इंग्रजीत हसण्याला शब्द किती, याचे आपल्याकडे मोठे कौतुक. गिगल, चकल, टिटर, गफॉ आहेतच. त्यात लुईस कॅरॉलने १८७१ मध्ये चॉर्टलची भर घातली. मराठीही काही उपाशी नाही. खुदकन, खदखदा, फिदीफिदी, खो खो, गालातल्या गालात. पण संख्येची ही बरोबरी मला फसवी वाटते. कोणाच्या हसण्याला कोणता शब्द वाट्याला आला, हे पाहावे. वऱ्हाडातल्या दिग्रसच्या बाजारात एखाद्या पोराला ‘काहून दात काढून राह्यला बे?’ असे कोणी दरडावले, तर त्यात आवाजाची तक्रार नसते. तक्रार दातांची असते, आणि ही मोजपट्टी फार जुनी आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार आहेत. स्मितात दात दिसतच नाहीत, हसितात जरासे दिसतात. हे दोन्ही उत्तम पात्रांचे. विहसित आणि उपहसित मध्यमांचे. डोळ्यांत पाणी आणणारे, खांदे हलवणारे अपहसित आणि कुशी धरायला लावणारे अतिहसित अधमांच्या वाट्याला. हा रस बहुतकरून स्त्रिया आणि नीच पात्रांत दिसतो, हेही तिथेच सांगून टाकले आहे.

हे नियम नटांसाठी होते, गावासाठी नव्हते, असा आक्षेप येईल. तो अर्धा खरा आहे. पण प्रेक्षकाला मान्य नसलेली उतरंड रंगमंचावर टिकत नाही. शिवाय लॉर्ड चेस्टरफील्डने १७४८ मध्ये मुलाला पत्रातून बजावले, की सभ्य माणसाने हसरे दिसावे, पण त्याचे हसणे कोणाच्या कानी पडू नये. त्याच्यापुढे ना नट होते ना भरतमुनी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: फिदीफिदी, खदखदा हे नुसते नाद आहेत, नादाला कसली जात? नादाला नसेल, वापराला आहे. न्यायाधीश स्मित करतात, मुली खिदळतात. फिदीफिदी हसणाऱ्याचे कौतुक मराठीत सहसा होत नाही. प्रतिष्ठितांसाठी संस्कृत नाम आणि बाकीच्यांसाठी कानाने घडवलेले क्रियाविशेषण, अशी ही वाटणी आहे. (विकट हास्य संस्कृत असूनही खलनायकाला मिळाले, हा अपवाद सोडा, बिचाऱ्याला निदान तत्सम शब्द तरी मिळाला.)

ही वाटणी अटळ नव्हती, याचा पुरावा वऱ्हाडातच आहे. दिग्रसच्या उत्तरेला, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात महानुभाव पंथाने अवतार मानलेले गोविंदप्रभू होऊन गेले. म्हाइंभटाने लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात हा परमेश्वरावतार गावभर खेळतो, रुसतो, हसतो, वेडा ठरतो. उत्तमाने दात झाकावेत हा दंडक तिथे चालत नाही, आणि मराठी गद्याच्या अगदी आरंभी ते नोंदले गेले आहे. पुढे कोशांचा काळ आला, तेव्हा वऱ्हाड बाहेरच राहिले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबई सरकारच्या आश्रयाने १८३१ मध्ये निघाला. वऱ्हाड तेव्हा निजामाचे होते, इंग्रजांकडे आले ते १८५३ मध्ये. प्रमाण मराठी ठरत असताना दिग्रसकडची बोली त्या टेबलावर नव्हती. विनोदकार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर खुद्द वऱ्हाडात वकिली करत, पण ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिले ते नागर, कोटीबाज मराठीत. वाचकाने गालात हसावे अशा बेताने. वऱ्हाडी बोलीनेच सभागृह हसवण्याचे काम पुढे दिग्रसच्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या मिर्झा रफी अहमद बेग यांच्यासारख्या कवींनी केले. त्यांच्या कार्यक्रमाला आलेल्या माणसांनी स्मित केले असते, तर कार्यक्रम पडला असेच म्हटले गेले असते.