पुढच्या आवणीचा हिशेब

भूगाव-भुकूम मागे टाकून घाट उतरला की आमचे पिरंगुट लागते. कारखान्यांच्या भिंतींआड भाताची खाचरे आता शोधावी लागतात. लहानपणी मी येथे आवणी पाहिली. आज आमच्या खाचरात सारी वाडी वाकलेली, उद्या शेजाऱ्याच्या. बांधावरून ज्यांचा अबोला होता तेही येत. याला मी सद्गुण म्हणणार नाही. पुढच्या आषाढात पुन्हा याच माणसाच्या दारी जायचे आहे, हे दोघेही ओळखून असत, इतकेच.

मुळशी सत्याग्रहाचा इतिहास वाचताना ही आवणी मला आठवते. नीला-मुळेच्या संगमाजवळ धरण बांधून टाटा कंपनी मुंबईसाठी वीज काढणार होती. ५२ गावांच्या जमिनींवर संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळे बांधकामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. काम काही महिने थांबले, पण तो समेट नव्हता. कंपनीला या माणसांशी पुन्हा आवणी थोडीच करायची होती! एकदा पाणी चढले की संबंध संपला.

भविष्याचा विचार कंपनीने केला नाही असे मात्र नव्हे. तिची नजर पुढच्या कित्येक दशकांवर होती, मावळ्याची नातवंडांवर. दोन्ही दूरच्या दृष्टी एकाच खोऱ्यावर पडल्या, आणि तेथेच गाठ बसली. तडजोड सोपी वाटली ती पुण्यातल्या सावकार-जमीनदारांना. जमीन त्यांच्या लेखी वहीतली रक्कम; मोबदला चांगला मिळाला की हिशेब पुरा. कुळाला तो आकडा कळत नव्हता असे नाही. रोख रकमेत दरसाल भात पिकत नाही, हे त्याला अधिक कळत होते. या भेदाने चळवळीत जी फूट पडली, तिने सरकारी दडपशाहीइतकेच नुकसान केले, असे माझे मत आहे.

सेनापती बापटांनी १९२४ साली रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. १९२७ पर्यंत धरण पुरे झाले. पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याच्या वीजघराकडे वळले.

परवा आमच्या बांधाला लागून असलेले खाचर विकले गेले. नवा शेजारी कोण, म्हणून विकणाऱ्याला विचारले. त्याला नाव आठवेना.