विको जाहिराती
केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘विको’ या आयुर्वेदिक उत्पादनसंस्थेच्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती. १९७६ मध्ये दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या आणि १९८४ च्या ‘ये जो है जिंदगी’ या विकोने प्रायोजित केलेल्या विनोदी मालिकेमुळे ती घरोघरी पोचली. हळदीच्या क्रीमच्या जाहिरातीत कथा फारशी नसे: लग्नघर, बायकांचा घोळका, मधोमध लाजरी नववधू. पण हळदी समारंभ ज्याने पाहिला आहे, त्याला उरलेली गोष्ट सांगावी लागत नाही. पाटावरची ओली हळद नळीत भरली गेली, एवढेच! संगीता बिजलानीसारखे चेहरे त्यात झळकले. पुढे आलिया भटही आली. मात्र लक्षात राहिली ती जाहिरातीची धून. मुलीच्या कांतीचे सार्थक बोहल्यावरच, हा साचा या जाहिरातींनी निमूट वापरला. ‘हे सौंदर्यप्रसाधन नव्हे’ हा जाहिरातींतला क्रीमविषयीचा दावा उत्पादनशुल्काच्या वादात न्यायालयातही गेला आणि टिकला.