पास, दाढी आणि मतदान : ब्राझीलचे स्पष्टवक्ते फुटबॉलपटू

लष्करी राजवटीच्या काळात, म्हणजे १९६४ ते १९८५ या वर्षांत, ब्राझीलमधील व्यावसायिक फुटबॉलपटूने मैदानाबाहेर तोंड उघडणे हा शिस्तभंग समजला जाई. याचे कारण खेळाडूंच्या स्वभावापेक्षा ‘पास’ नावाच्या व्यवस्थेत अधिक सापडते. करार संपला तरी खेळाडूच्या नोंदणीवरचा हक्क, म्हणजेच पास, क्लबकडेच राहत असे आणि क्लबने तो सोडल्याखेरीज त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. त्यामुळे वाद घालणाऱ्याला घरी बसवून त्याची उमेदीची वर्षे वाया घालवणे पदाधिकाऱ्यांच्या हाती होते. अशा व्यवस्थेत जो मुकाट्याने खेळतो तोच गुणी, अशी प्रेक्षकांचीही धारणा झाली, तर त्यात नवल नाही.

या धारणेला पहिला मोठा धक्का दिला तो रिओच्या बोटाफोगो क्लबच्या आफोन्सिन्यो या मधल्या फळीतील खेळाडूने. वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या या तरुणाने दाढी व केस वाढवले, तेव्हा ते उतरवल्याशिवाय सराव करू दिला जाणार नाही, असे क्लबने बजावले. वरकरणी क्षुल्लक दिसणाऱ्या या वादाला राजकीय अर्थ होता, कारण त्या काळी दाढी ही बंडखोर विद्यार्थ्यांची खूण मानली जाई. आफोन्सिन्यो क्रीडा न्यायाधिकरणाकडे गेला आणि १९७१ मध्ये त्याने स्वतःचा पास स्वतःकडे मिळवला. क्लबचालकांच्या लेखी तो डोकेदुखी ठरला. उलट कलावंतांनी त्याला आपले मानले, गिल्बेर्तो जिल यांनी त्याला उद्देशून गाणे रचले आणि त्याच्या लढ्यावर माहितीपटही निघाला.

पुढच्या दशकात साओ पाउलोच्या कोरिन्थियन्स क्लबमध्ये हे भांडण एकट्यादुकट्याचे राहिले नाही. १९१० साली कामगारांनी स्थापन केलेल्या या क्लबच्या फुटबॉल विभागाची सूत्रे १९८२ च्या सुमारास समाजशास्त्रज्ञ आदिल्सन मोंतेरो आल्व्हेस यांच्याकडे आली. सॉक्रेटिस, व्लादिमीर आणि कासाग्रांदे या खेळाडूंच्या पुढाकाराने सरावाच्या वेळांपासून नव्या खेळाडूंच्या भरतीपर्यंतचे निर्णय मतदानाने होऊ लागले आणि त्यात साहित्य सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचे मतही मोजले जाई. सर्वाधिक गदारोळ झाला तो ‘कोंसेंत्रासांव’वरून, म्हणजे सामन्याआधी खेळाडूंना एकत्र ठेवून जणू नजरकैदेत डांबण्याच्या जुन्या प्रथेवरून. ती सैल होताच प्रस्थापित वृत्तपत्रांनी अराजकाची हाकाटी पिटली, आणि पेशाने डॉक्टर असलेला सॉक्रेटिस सिगारेट व बिअर लपवत नसल्यामुळे टीकाकारांना आयतेच कोलीत मिळाले. टीकेची धार बोथट केली ती विजयांनी : संघाने १९८२ व १९८३ असे सलग दोनदा राज्य विजेतेपद पटकावले. हाच संघ हरत राहिला असता, तर त्याच मतदानाला बेशिस्त म्हटले गेले असते, असे मानण्यास पुरेपूर जागा आहे.

नोव्हेंबर १९८२ च्या निवडणुकीपूर्वी खेळाडूंनी पाठीवर ‘१५ तारखेला मत द्या’ असे लिहिलेले शर्ट घातले. एप्रिल १९८४ मध्ये, राष्ट्राध्यक्षाची थेट निवड करण्याच्या मागणीसाठी भरलेल्या प्रचंड सभेत, त्यासाठीची घटनादुरुस्ती मंजूर झाली तर आपण देश सोडणार नाही, असे सॉक्रेटिसने जाहीर केले. २५ एप्रिलला तिच्या बाजूने २९८ मते पडली, आवश्यक होती ३२०. सॉक्रेटिस इटलीच्या फिओरेंतिना क्लबकडे गेला. त्याच्या शब्दाला खेळाडूची बडबड न मानता नागरिकाचे वचन म्हणून लोकांनी जोखले, हाच या दोन दशकांतील खरा बदल होय.

पासची पद्धत मोडणारा कायदा मात्र १९९८ मध्ये झाला, तिचा अंमल २००१ मध्ये संपला आणि कायद्याला नाव मिळाले पेले यांचे, ज्यांच्यावर राजवटीविषयी मौन पाळल्याची टीका पूर्वी होत आली होती.